अठ्ठावीस महिन्यांचं सरकार आणि हरवलेलं कलम ११

आज ३१ जुलै. १९५९ साली याच दिवशी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सहीनं केरळातलं ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचं सरकार बरखास्त झालं. विधानसभेत बहुमत शाबूत होतं, सभागृहात सरकार हरलेलं नव्हतं, तरी गेलं.

दरवर्षी या तारखेला दोन प्रकारच्या पोस्टी फिरतात. एकीत नेहरूंनी लोकशाहीचा गळा घोटलेला असतो, दुसरीत केरळच्या जनतेनं कम्युनिस्टांना धडा शिकवलेला असतो. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि बरंच गाळलेलं आहे. मला मात्र यात एक असा धागा दिसतो जो थेट आपल्या तालुक्यातल्या शाळेपर्यंत येतो. तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागेल. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते निवडून कसे आले ते पाहू.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत केरळ राज्य झालं. त्रावणकोर-कोचीन हे जुनं संस्थानी राज्य आणि मद्रास राज्यातला मलबार एकत्र आले. १९५७ च्या सुरुवातीला पहिली निवडणूक झाली. (याच निवडणुकीत आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला घाम फोडला होता.) केरळात १२६ जागांपैकी कम्युनिस्टांना ६० मिळाल्या. पाच अपक्षांचा पाठिंबा धरून ६५, म्हणजे बहुमतापेक्षा फक्त एक-दोन डोकी जास्त. काँग्रेसला ४३. पण मतं मोजली तर काँग्रेसला जवळजवळ ३८ टक्के आणि कम्युनिस्टांना ३५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ एप्रिल १९५७ ला शपथविधी झाला. मुख्यमंत्री नंबुद्रीपाद स्वतः जमीनदार नंबुद्री ब्राह्मण घराण्यातले, वाट्याला आलेली इस्टेट पक्षाला देऊन टाकलेले. महसूलमंत्री के. आर. गौरी, एळवा समाजातल्या, वकिली शिकलेल्या. अर्थमंत्री सी. अच्युत मेनन. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी, पेशानं प्राध्यापक. कायदा आणि गृह खातं व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्याकडे, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता या लोकांनी असं काय केलं की अख्खं राज्य पेटलं?

कम्युनिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कारखाने ताब्यात, देवळं बंद, असं चित्र येतं. तसं काही झालं नाही. चहा, कॉफी आणि रबराच्या मोठ्या मळ्यांना जमिनीच्या कमाल मर्यादेतून वगळलं होतं. मावूरला लाकडाच्या लगद्याचा कारखाना काढायला याच सरकारनं बिर्लांना बोलावलं. नंबुद्रीपाद तर उघड सांगत होते की काँग्रेसनं जी आश्वासनं दिली आणि पाळली नाहीत, तीच आम्ही अमलात आणतोय. काँग्रेसनं १९५५ च्या आवडी अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचं ध्येय मान्य केलेलंच होतं.

पहिलं काम जमिनीचं. शपथेनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला वटहुकूम निघाला: कुळाला आणि जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला हुसकायचं नाही. कायदा यायच्या आधी हा वटहुकूम का? त्याचं उत्तर आपल्याकडेच आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात ज्यांच्या घरी कुळाची जमीन आहे त्यांना १ एप्रिल १९५७ ही तारीख पाठ असते. तो 'कृषक दिन'. त्या दिवशी कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. ३२ ग ची केस, ३२ म चं प्रमाणपत्र हे सगळं तिथून पुढचं. पण त्या दिवसापर्यंत किती कुळं जमिनीवर टिकली होती? १९४८ चा कूळकायदा आला आणि मालकांनी कुळांकडून 'राजीखुशीनं' जमीन सोडल्याचे कागद लिहून घ्यायला सुरुवात केली. गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी त्याच काळात पाहणी करून हे दाखवून दिलं होतं. कायद्याची चाहूल लागली की आधी कूळ उठतं, मग कायदा येतो. केरळ सरकारनं तो क्रम उलटा केला. आधी उठवायला बंदी, मग कायदा.

कायद्याचं विधेयक १९५७ च्या शेवटी मांडलं आणि १० जून १९५९ ला मंजूर झालं. म्हणजे दीड वर्ष खल चालला. कुळाला कायमचा हक्क, वाजवी खंड, कूळ जमीन विकत घेऊ शकेल, आणि कुटुंबाला दुबार पिकाच्या भातजमिनीची कमाल मर्यादा १५ एकर.

दुसरं काम शाळांचं. आणि खरी ठिणगी इथं पडली.

केरळात शाळा भरपूर होत्या, पण बहुतेक खासगी. ख्रिस्ती चर्चच्या, नायर सर्व्हिस सोसायटीच्या, इतर जातसंस्थांच्या. सरकार अनुदान द्यायचं, कारभार व्यवस्थापक बघायचा. मास्तरला सही एका रकमेवर करायला लावायची आणि हातात दुसरीच ठेवायची, अशी ओरड जुनी होती. मुंडश्शेरींच्या विधेयकात तीन गोष्टी होत्या. एक, मुलांची फी सरकारी तिजोरीत जमा होणार आणि शिक्षकाचा पगार सरकार थेट देणार. दोन, शाळेचा कारभार बिघडला तर सरकार ती ताब्यात घेऊ शकेल. तीन, म्हणजे कलम ११: अनुदानित शाळेतला शिक्षक लोकसेवा आयोगानं निवडलेल्या यादीतूनच घ्यायचा, आणि त्या यादीला मागास समाजांचं आरक्षण लागू.

राष्ट्रपतींनी हे विधेयक सुप्रीम कोर्टाकडे मत मागायला पाठवलं. मे १९५८ मध्ये कोर्टानं सांगितलं की शाळा ताब्यात घ्यायची कलमं अल्पसंख्याकांच्या घटनात्मक हक्कांच्या आड येतात. कलम ११ मात्र कोर्टानं तोडलं नाही. त्यामुळे सुधारून पुन्हा मंजूर केलेल्या कायद्याला फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपतींची सही मिळाली. कायदेशीर वाट पूर्ण झाली होती. रस्त्यावरची सुरू व्हायची होती.

विरोधात कोण उतरलं? कॅथलिक चर्च. मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली नायर सर्व्हिस सोसायटी. मुस्लिम लीग. काँग्रेस. आणि प्रजा समाजवादी पक्षसुद्धा. आपल्याकडे सेवादलाच्या शाखेत वाढलेल्या जुन्या मंडळींना हे खटकेल, पण समाजवादीही त्या आघाडीत होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे एका मांडवात आले. आंदोलनाला नाव दिलं 'विमोचन समरम', म्हणजे मुक्तिलढा.

हे सगळे बडे जमीनदार होते असं समजणं सोपं आहे आणि चूक आहे. त्रावणकोरात सरकारी जमिनीवरच्या कुळांना १८६५ च्या जाहीरनाम्यानंच मालकी हक्क मिळाले होते. त्यातून दोन-चार, दहा एकरांचा मालक शेतकरी तयार झाला, बहुतांशी सीरियन ख्रिस्ती आणि नायर. त्याचं पोरगं शिकून मास्तर होणार, ते आपल्याच समाजाच्या शाळेत, हे त्याचं गणित होतं. कलम ११ नं ते गणित मोडत होतं. त्या शाळा त्याच्या आजा-पणज्यांनी वर्गणी काढून उभ्या केल्या होत्या, हेही खरं. 'आमच्या पैशातून बांधलेल्या शाळेत कोण शिकवणार हे तिरुअनंतपुरमचा बाबू ठरवणार का?' हा सवाल चर्चमध्ये बसलेल्या साध्या माणसालाही पटण्यासारखा होता.

त्यात सरकारनं स्वतःच्या हातानं काड्या गोळा करून दिल्या. पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते पोलीस ठाण्यात आणि कचेरीत हुकूम सोडतात, ही तक्रार गावोगाव होती. लोक त्याला 'सेल राज' म्हणायचे. आंध्रातून तांदूळ खरेदी केला, त्यात टाळता येण्यासारखं नुकसान झाल्याचं चौकशी आयोगानंच म्हटलं. १९५८ मध्ये कुट्टनाडच्या जलवाहतुकीत विद्यार्थ्यांचा बोटीचा एक आणा तिकीट दर वाढवला आणि पोरं रस्त्यावर आली. केरळच्या विद्यार्थी काँग्रेसला बळ मिळालं ते त्या एक आण्याच्या लढ्यातून. ए. के. अँटनी, वायलार रवी ही नावं तिथूनच पुढे आली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट गोळीबाराची. मजुरांच्या संपात पोलीस मालकाच्या बाजूनं जाणार नाहीत, हे या सरकारचं गाजलेलं धोरण. त्याच सरकारच्या पोलिसांनी जुलै १९५८ मध्ये चंदनत्तोपला काजू कारखान्याच्या कामगारांवर गोळ्या झाडल्या. दोन कामगार गेले.

जून १९५९ मध्ये सुट्टी संपून शाळा उघडायची वेळ आली आणि व्यवस्थापकांनी कुलपं काढायला नकार दिला. १२ जूनला मुक्तिलढा सुरू झाला. कचेऱ्यांपुढे धरणी, बस अडवणं, मोर्चे. दुसऱ्याच दिवशी अंगमालीत पोलीस ठाण्यावर चाल करून आलेल्या जमावावर गोळीबार झाला, सात माणसं मेली. मग तिरुअनंतपुरमच्या किनाऱ्यावर वेट्टुकाड आणि पुल्लुविला. ३ जुलैला चेरियतुरा इथं मच्छीमारांच्या वस्तीत एक गरोदर बाई गोळीला बळी पडली. एकूण पंधरा माणसं गेली. त्यात गरीबच जास्त. ज्यांच्यासाठी सरकार होतं आणि ज्यांच्या नावानं आंदोलन होतं, ते दोन्हीकडून तेच.

जूनच्या अखेरीला नेहरू स्वतः तीन-चार दिवस जाऊन आले. त्यांनी सुचवलं, मुदतीआधी निवडणुका घ्या. सरकारनं ते मानलं नाही. कलम ११ स्थगित ठेवायची तयारी दाखवली, पण तोवर आंदोलनाला कलम नको होतं, खुर्ची खाली हवी होती. काँग्रेसच्या अध्यक्षा त्या वर्षी इंदिरा गांधी होत्या आणि त्या बरखास्तीच्या बाजूनं ठाम होत्या. त्यांचे पती फिरोज गांधी, काँग्रेसचेच खासदार, यांचा मात्र उघड विरोध होता. एका घरात दोन मतं.

आता एक विसंगती बघा. याच १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसचं अधिवेशन आपल्या नागपूरला भरलं होतं. तिथं ठराव झाला की राज्यांनी वर्षअखेरपर्यंत जमिनीच्या कमाल मर्यादेचे कायदे करावेत. केरळनं जूनमध्ये केला. जुलैत केरळचं सरकार घालवलं.

राज्यपाल होते बुर्गुल रामकृष्ण राव. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना नाव आठवेल, हैदराबाद राज्याचे १९५२ ते ५६ चे मुख्यमंत्री, म्हणजे मराठवाड्याचेही. त्यांनी अहवाल दिला की सरकारनं बहुसंख्य जनतेचा पाठिंबा गमावला आहे. कलम ३५६ लागलं. अठ्ठावीस महिन्यांत खेळ संपला.

यात अमेरिकेचा पैसा होता का, हे लोक विचारतात. भारतात अमेरिकेचे राजदूत राहिलेले डॅनियल मोयनिहान यांनी १९७८ च्या पुस्तकात लिहिलं की सीआयएनं काँग्रेसला दोनदा पैसा दिला, त्यातला एकदा केरळात कम्युनिस्टांविरुद्ध. हे कबूल करूनही माझं मत असं की पैशानं आंदोलन मोठं होतं, जन्माला येत नाही. ते कलम ११ नं आणि १५ एकरांनी जन्माला घातलं होतं.

'जनतेचा पाठिंबा गमावला' हे खरं होतं का? मोजायची एकच जागा असते, मतपेटी. फेब्रुवारी १९६० मध्ये ती उघडली. ८५ टक्क्यांच्या वर मतदान झालं. काँग्रेस, प्रजा समाजवादी आणि लीग एकत्र लढले. कम्युनिस्टांच्या जागा ६० वरून २९ वर आल्या. पण मतं? ३५ वरून ३९ टक्क्यांवर गेली. पहिल्या वेळी तीन-चार पक्षांत विरोधी मतं फुटली म्हणून ते आले, दुसऱ्या वेळी ती एकवटली म्हणून गेले. म्हणजे पाठिंबा गमावला हेही खरं नाही आणि बहुसंख्य जनता कधी त्यांच्या मागे होती हेही नाही. पट्टम ताणु पिल्लै हे प्रजा समाजवादी मुख्यमंत्री झाले.

बरखास्ती न करता निवडणुकीपर्यंत थांबले असते तरी कदाचित सरकार पडलंच असतं. पण मग लोकांनी पाडलेलं असतं. दिल्लीनं पाडलं आणि वाईट सवय लागली. पुढे पस्तीस वर्षं, ज्याचं केंद्रात राज्य त्यानं नावडतं राज्य सरकार घालवायचं, हा धंदा सगळ्या पक्षांनी केला. १९९४ च्या बोम्मई निकालानं सांगितलं की बहुमत राज्यपालाच्या अहवालात नाही, सभागृहात मोजायचं. १९५९ ला एवढंच कुणी म्हटलं असतं तर!

आता येतो त्या धाग्याकडे.

सरकार गेलं, मग त्या सुधारणांचं काय झालं? जमिनीचा कायदा अडखळत राहिला. १९६० ला पातळ करून पुन्हा केला, १९६१ ला कोर्टात अडकला, १९६३ ला पुन्हा केला, १९६९ ला कडक केला आणि १ जानेवारी १९७० पासून केरळात जमीनदारी कुळवहिवाट संपली. मुख्यमंत्री होते अच्युत मेनन, तेच १९५७ चे अर्थमंत्री. खेड्यात झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला घराभोवतीची दहा सेंटपर्यंत जागा मिळाली. दहा सेंट म्हणजे आपले चार गुंठे. चार गुंठ्यांत नारळाची चार झाडं, एक विहीर, आणि 'उद्यापासून निघ' म्हणणारा कुणी नाही. केरळचा मजूर ताठ मानेनं बोलतो त्याची एक मुळी त्या चार गुंठ्यांत आहे. (अन्याय तिथंही राहिले. दलित शेतमजुराला बहुधा घराची जागाच मिळाली, शेत कुळाकडे गेलं.)

शिक्षकाचा सरकारी पगारही टिकला.

आणि कलम ११? १९६० च्या नव्या सरकारनं ते दुरुस्त केलं. पात्रता सरकार ठरवणार, नेमणूक व्यवस्थापक करणार. त्यानंतर केरळात डाव्यांची किती सरकारं आली. नंबुद्रीपाद स्वतः १९६७ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले. अनुदानित शाळांतली नेमणूक मात्र आजही व्यवस्थापकाकडेच आहे.

एकाच सरकारच्या तीन सुधारणा. दोन जगल्या, एक मेली. का?

मला जे वाटतं ते सांगतो. कुळाला माहीत होतं की ही जमीन माझी होणार आहे. तो लढला, मोर्चे काढले, कोर्टात हरला तरी पुन्हा आला. मास्तरला माहीत होतं की पगार माझा आहे. त्याची संघटना होती. पण कलम ११ चा फायदा कुणाला होणार होता? उद्या परीक्षा देऊन यादीत येणाऱ्या एखाद्या पोराला, ज्याला आज ठाऊकच नाही की तो यादीत येणार आहे. आणि चांगला मास्तर मिळणाऱ्या लेकराला, जे अजून जन्मलेलंही नाही. त्यांचा मोर्चा कोण काढणार? तोटा होणाऱ्याला मात्र आपला तोटा रुपया-आण्यात माहीत होता.

आता आपल्याकडे या. पगार सरकारचा, मान्यता सरकारची, नेमणूक संस्थेची. आपल्या तालुक्यात अनुदानित जागेचा 'रेट' चहाच्या टपरीवरही सांगतात. ओळखीचा एक डीएड झालेला मुलगा गेल्या वर्षी वडिलांची दीड एकर विकायला निघाला होता. मी कुठल्या संस्थेसाठी ते लिहीत नाही, कारण संस्था बदलली तरी गोष्ट तीच राहते. पवित्र पोर्टल आलं, अभियोग्यता चाचणी आली, चांगलं झालं. तरी खासगी संस्थांच्या अनेक जागांवर शेवटची मुलाखत संस्थाच घेते. आणि पोर्टलच्या विरोधात जे युक्तिवाद ऐकतो, 'आम्ही शाळा उभी केली, माणूस कोण घ्यायचा ते आम्ही ठरवू', ते १९५९ च्या केरळातून जसेच्या तसे आलेत. त्यातला पहिला भाग खराही आहे. रयतेनं मूठमूठ धान्य देऊन आपल्याकडेही शाळा उभ्या राहिल्या. पण मूठभर धान्य देणाऱ्या त्या बाईच्या नातवाला तिथं मास्तर व्हायला जमीन विकावी लागत असेल, तर शाळा नक्की कुणाची?

नंबुद्रीपाद सरकारच्या चुका मी वर लिहिल्या, त्यातली एकही मागे घेत नाही. गोळीबार तर नाहीच. पण त्या सरकारनं एक प्रश्न मांडला होता आणि तो केरळनंही सोडून दिला, आपणही. ज्याचा पगार जनता देते त्याची निवड जनतेसमोर, गुणांवर व्हावी की नाही?

कुळाच्या बाजूनं कूळ उभं होतं. यादीतल्या पोराच्या बाजूनं कोण?

संस्थाचालक मित्रांनो, तुम्हीही ही पोस्ट वाचता, मला माहीत आहे. रागावू नका, कमेंटमध्ये बोला. आणि ज्यांनी पैसे न देता, चाचणी देऊन नोकरी मिळवली, त्यांनी तेही लिहा. तेवढाच धीर येईल कुणाला तरी.